शनिवारचा घाबरट

३ फेब्रुवारी

टिल्लूभावजी,

आशीर्वाद. केमिस्ट्रीचे प्राध्यापक झालात, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी मी तुम्हाला टिल्लूच म्हणणार, चालवून घ्या. फोन करत नाही म्हणून रागावू नका. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुमचे दादा शेजारी बसून ओरडून सांगतात, त्यात मूळ बोलणं राहूनच जातं. त्यापेक्षा पत्र बरं. त्यात कोणी मधे तोंड घालत नाही.

तुमचा ब्लॉग नेमानं वाचते. नाव छान ठेवलंय, ‘घाबरू नका, पाणीच आहे’. दादा टॅबलेट मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं वाचतात आणि स्वतःच आधी हसतात. ‘शनिवारचा घाबरट’ हे सदर तर आमच्याकडे पाठ आहे. मिठात केमिकल सापडलं म्हणून बरणी ओतून देणारी ती बाई, आणि ‘केमिकल नसलेलं पाणी’ विकणारा तो माणूस! हसून हसून पुरेवाट झाली. सासरी आले तेव्हा तुम्ही एवढेसे होतात आणि चारचौघांत तोंड उघडत नव्हतात. हा मुलगा एवढ्या लोकांना हसवेल असं तेव्हा कोणाला वाटलं होतं?

आता कामाचं. माझी एक मैत्रीण आहे. ती एका पोहण्याच्या क्लबात कपडे बदलायच्या खोल्या आणि संडास-बाथरूम साफ करते. तिथे निळ्या बाटलीतलं एक लिक्विड असतं, संडासात ओतायचं, फरशीवर सांडलं की फेस येतो ते. आणि एक पांढरी पावडर असते, तिला तलावाच्या पाण्यासारखा वास येतो. मॅनेजर दोन्ही एकाच बादलीत घालायला लावतो. फरशी चकाचक होते म्हणे. पण बादलीवर वाकलं की मैत्रिणीला खोकला येतो, डोळे चुरचुरतात, घरी आल्यावरही छाती जड वाटते. तिच्याबरोबरची एक म्हणते, हे केमिकल आहे, जीव घेईल, मी हात लावणार नाही. मॅनेजर म्हणतो, सगळे मनाचे खेळ. तुम्हाला काय वाटतं? घाबरण्यासारखं आहे का? मैत्रीण फार शिकलेली नाही, तिला समजेल असं लिहा.

दादा बरे आहेत. मी हल्ली सकाळी चालायला जाते, त्यामुळे मीही बरी आहे. कॅनव्हासचे बूट घेतलेत, बघाल तर ओळखणार नाही.

वाट बघतेय,
वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

वाकून नमस्कार, पाठ साथ देते तेवढा वाकून. तुमचं पत्र आलं की मला अभ्यास टाकून पळाल्यासारखं वाटतं. इथे प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत आणि त्यात एका वर्तमानपत्राचा संपादक मागे लागलाय. त्याला ‘घाबरट’ दर आठवड्याला छापायचंय. अजून नक्की नाही, तेव्हा कोणाला सांगू नका. म्हणजे दादाला सांगू नका, त्याला सांगितलं की गावभर झालंच.

मैत्रिणीला सांगा, ‘केमिकल’ हा शब्द ऐकून खोकला येणारी ती पहिली नाही. साबण केमिकल, चहा केमिकल, ती स्वतःही नखशिखांत केमिकलच. उग्र वासानं डोळ्यांत पाणी येतंच. कांदा चिरतानाही येतं, म्हणून कोणी कांद्याविरुद्ध तक्रार लिहून देत नाही. खिडकी उघडी ठेवावी आणि खुशाल काम करावं. आणि ती जी ‘जीव घेईल’वाली आहे ना, तिच्यापासून चार हात लांब राहावं. अशा बायका बसल्याबसल्या अख्ख्या इमारतीला धाप लावतात.

राग मानू नका, पण पत्र इतकं झकास होतं की शनिवारी वरच्या उत्तरासकट ब्लॉगवर टाकलं. नाव नाही, ‘आमच्या वहिनींची एक मैत्रीण’ एवढंच. थोडं कापावं लागलं, लांबलं की लोक वाचत नाहीत. आजवरचं सगळ्यात गाजलेलं ‘घाबरट’ तेच ठरलंय. संपादकालाही तेच आवडलं. तेव्हा मैत्रिणीला माझ्यातर्फे धन्यवाद सांगा.

बुटांचा फोटो पाठवा.

टिल्लू

१७ फेब्रुवारी

टिल्लूभावजी,

दादांनी लेख वाचून दाखवला. कांद्यापाशी इतके हसले की चष्मा खाली पडला. मीही हसले. मैत्रिणीचं हसं होताना जरा चमत्कारिक वाटलं, पण तिला कुठे कोणी ओळखतंय? बाटली आणि पावडरीचं तुम्ही गाळलेलं दिसलं. तुम्हाला त्यातलं कळतं, नसेल महत्त्वाचं.

मैत्रिणीला सांगितलं, तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लेख छापून कामावर नेला आणि सगळ्यांना दाखवला, त्या ‘जीव घेईल’वालीलासुद्धा. ती बाई महाहट्टी आहे, पण प्राध्यापकांनी लिहिलंय म्हटल्यावर गप्प झाली आणि बादली उचलली म्हणे. मैत्रिणीला तुमचा फार अभिमान वाटला.

मला थोडा खोकला आहे. हवा बदलतेय, त्यानं असेल.

वहिनी

११ मार्च

टिल्लूभावजी,

मैत्रीण-बित्रीण कोणी नाही. मीच ती. चालायला जाते असं दादांना सांगून सकाळी क्लबात कामाला जात होते. मुलं लांब गेली, दादा टीव्हीसमोर, घरात दिवसभर मुक्यासारखं बसायचं, त्यापेक्षा चार बायकांत हातपाय हलवावेत असं वाटलं. दादांना सांगितलं असतं तर ‘माझी बायको लोकांचे संडास धुते’ म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तुम्हाला का नाही सांगितलं, तर ब्लॉगात येईन म्हणून. शेवटी आलेच.

ती ‘जीव घेईल’ म्हणणारी म्हणजे आमची भोंगा. क्लबात सगळे तिला भोंगाच म्हणतात, आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. मला पहिल्या फटक्यात ऐकू येतं ते फक्त तिचंच बोलणं, म्हणून तर आमची गट्टी जमली. तिनं त्या बादलीला हात लावायचं सोडलं होतं. मॅनेजर ओरडला तरी ऐकेना. तुमचा लेख मीच छापून आणला आणि तिच्या नाकासमोर धरला. म्हटलं, बघ, माझे सख्खे दीर केमिस्ट्रीचे प्राध्यापक आहेत, आता पुरे कर तुझी नाटकं.

मागच्या आठवड्यात आतल्या बाथरूममध्ये तिनं बादली कालवली. तिथे खिडकीच नाही. मी बाहेरच्या खोलीत बाकं पुसत होते. तिनं हाक मारली असणार, मला काही ऐकू आलं नाही. भोंगानं हाक मारली आणि मला ऐकू आली नाही असं आजवर झालं नव्हतं, म्हणजे आवाजच फुटला नसेल. दार ढकललं तर ती भिंतीला टेकून बसलेली, तोंड उघडं, ओठ काळेनिळे. तिला ओढत बाहेर काढेपर्यंत माझाही घसा बसला आणि डोळ्यांची आग झाली. मला तपासून घरी सोडलं. ती अजून हॉस्पिटलमध्ये आहे, नाकाला नळी लावून. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, बादलीत काय काय घातलं होतं? सांगितल्यावर म्हणाले, ही दोन एकत्र केली की विषारी वायू निघतो, बाटलीवरच लिहिलेलं असतं.

आता पुढचं ऐका. क्लबाच्या कमिटीनं आम्हाला बोलावलं. मॅनेजरनं तुमचाच लेख टेबलावर ठेवला. म्हणाला, बघा, प्राध्यापकच सांगतात की असं काही नसतं, या बायका एकमेकींना घाबरवतात, हिला घाबरूनच दम लागला. कमिटीला ते पटतंय. तसं ठरलं तर दोष भोंगाच्या भित्रेपणाचा, तिची नोकरी गेली, आणि बादली पुन्हा सुरू. अध्यक्षांनी विचारलं, यात वहिनी असं लिहिलंय, या कोणाच्या वहिनी? सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी नाही ओळखत त्यांना. एकीनंही तोंड उघडलं नाही. मी मान वर केली नाही.

तुमचं बोट धरून तुम्हाला शाळेत सोडणारी मी, आणि तुम्हाला ओळखत नाही म्हणाले. मला तुमची लाज वाटली, भावजी. आणि माझी त्याहून जास्त वाटते, कारण तिला बादली उचलायला मीच लावली.

पुढच्या महिन्यात कमिटी पुन्हा बसणार आहे. तुम्ही येऊन त्यांना सांगाल का?

वहिनी

१६ मार्च

वहिनी,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहायला बसलोय. तुम्ही बऱ्या आहात ना? डोळे दाखवून घेतलेत ना? असं काही होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पण तुम्ही मैत्रीण म्हणालात, वहिनी. तुमचं स्वतःचं आहे हे कळलं असतं तर मी असं लिहिलं असतं का? आणि नीट विचारलं असतंत, म्हणजे कोणतं लिक्विड, कोणती पावडर, तर मी त्याच दिवशी कळवलं असतं. नुसतं ‘केमिकल’ म्हटल्यानं काही कळत नाही, वस्तूचं नाव लागतं, हे मी वर्गात रोज कानीकपाळी ओरडतो. असो. आता बोलून काय उपयोग.

लेखाखाली मी एक टीप टाकली आहे, की स्वच्छतेची द्रव्ये एकमेकांत मिसळू नयेत. तिची प्रत सोबत पाठवतो. कमिटीला ती दाखवा, पुरेशी होईल. माझं येणं मात्र अवघड दिसतंय. परीक्षेचे पेपर आलेत, आणि वर्तमानपत्राचं नक्की झालंय, पुढच्याच महिन्यात पहिला लेख. नेमकं अशा वेळी माझं नाव या प्रकरणात ओढलं गेलं तर सगळ्यावर पाणी पडेल. तुम्ही समजून घ्याल. तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात ते एका परीनं बरंच झालं. तसंच राहू द्या.

त्या बाईंना लवकर बरं वाटो. दादाला कळलं का?

टिल्लू

२१ मार्च

भावजी,

टीप मिळाली. अक्षर इतकं बारीक आहे की भिंग लागलं. कमिटीला दाखवणार नाही, त्यांच्याकडे भिंग नसेल.

मी नीट विचारलं नाही म्हणता. मी काय लिहिलं होतं ते मला चांगलं आठवतंय. पत्र टाकून दिलं नसेल तर काढून बघा.

दादांना कळलं. आधी बोलणं टाकलं. मग एक दिवस टॅबलेट घेऊन तोच लेख पुन्हा वाचत बसले, मनातल्या मनात. त्यांना मनातल्या मनात वाचताना मी पहिल्यांदा बघितलं. कांद्यापर्यंत आले असतील, टॅबलेट पालथा घातला आणि उठून गेले.

भोंगाला घरी आणलंय. आवाज गेलाय.

वहिनी

२५ मार्च

वहिनी,

पत्र काढून बघितलं. सगळं लिहिलंय तुम्ही. निळी बाटली, संडासात ओतायचं, फेस येतो. पांढरी पावडर, तलावाच्या पाण्याचा वास. दोन्ही एकाच बादलीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना एवढं सांगितलं तर मागच्या बाकावरून उत्तर येईल, सर, क्लोरीन. आणि मी काय केलं माहीत आहे? त्या ओळींवर पेन्सिलीनं रेघ मारलीय आणि शेजारी लिहिलंय, ‘कंटाळवाणं, काढा’. माझंच अक्षर आहे. मी तुमचं पत्र वाचतच नव्हतो वहिनी, हसण्यासारखं काय सापडतं ते शोधत होतो. काम झाल्यावर बाकीचं बाजूला सारलं.

आणि वर तुम्हालाच लिहिलं की नीट विचारलं नाहीत. ओळखत नाही म्हणालात ते बरं झालं, असंही लिहिलं. ते वाक्य आठवलं की वर्गात बोलता बोलता मी थांबतो. मुलं विचारतात, सर, बरं नाही का? मी फळा पुसायला लागतो. ‘तुमचं आहे हे कळलं असतं तर’ असंही एक वाक्य होतं त्या पत्रात. म्हणजे दुसऱ्या कोणाचं असतं तर चाललं असतं. स्वतःचीच इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

संपादकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, टीप टाकलीत ना, मग झालं, वाचकांना कुठे आठवतंय? खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली आणि वर्तमानपत्रातलं सदर नको असं त्याला सांगून आलो.

कमिटीची तारीख मी क्लबाला फोन करून विचारून घेतली आहे. येतोय. तुम्ही ओळख दाखवू नका. तुमचं बोलणं माझ्यामुळे खोटं पडायला नको. लेख लिहिणारा माणूस म्हणून येईन, सांगायचं ते सांगेन आणि भोंगाबाईंच्या घरी जाऊन परत फिरेन. दादाला कोणत्या तोंडानं भेटू ते कळत नाही, म्हणून घरी येणार नाही.

टिल्लू

५ एप्रिल

टिल्लूभावजी,

बाहेरच्या बाहेर गेलात म्हणून दादा फुरंगटून बसलेत. सकाळपासून तुमच्यासाठी गादी काढून ठेवली होती आणि मला विचारत होते, त्याला पंख्याखाली झोपायला आवडतं ना अजून? पुढच्या खेपेला असं करू नका. रागावलेला माणूस वाट बघत नाही असं थोडंच आहे.

कमिटीसमोर तुम्ही सगळा वेळ खाली बघत होतात, म्हणून जे तुम्हाला दिसलं नाही ते लिहिते. तुम्ही तुमचाच लेख वाचायला घेतलात. मला नीट ऐकू येत नव्हतं, पण कांदा आला हे कळलं, कारण दोन मेंबरांचे खांदे हलायला लागले. एकानं रुमाल तोंडाला लावला. तुम्ही लेख खाली ठेवलात. मग तुम्ही गाळलेल्या ओळी वाचल्यात, त्या मात्र इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू आल्या. त्यापुढे कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी मॅनेजरकडे बघितलं आणि बाटली मागवून घेतली. तिच्यावरचं वाचायला त्यांना भिंग लागलं नाही.

मॅनेजर म्हणाला, यांना कोणीतरी पढवून आणलंय, यांचा आमच्या बायकांशी काय संबंध? तुम्ही म्हणालात, काही नाही. ते मी ओठांवरून वाचलं. ते मात्र मला सोसेना. उठले आणि म्हटलं, “हे माझे धाकटे दीर आहेत. मागच्या वेळी मी खोटं बोलले.” खोटं बोलताना मी उठलेही नव्हते, बघा.

चौकशीत लिहिलं गेलंय की दोष बादलीचा, बाईचा नाही. बाटल्या आणि पावडर आता वेगवेगळ्या कपाटांत असतात. आतल्या बाथरूमला पंखा बसवतायत. भोंगा बरी झाली की तिला टॉवेल द्यायच्या खिडकीवर बसवणार आहेत, तिथे बोलावं लागत नाही. मॅनेजर आहे तिथेच आहे, मला बघितलं की तोंड फिरवतो. मी कामावर जाते. दादा कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात, त्यापुढे येत नाहीत, कोणी ओळखीचं भेटेल म्हणून. कोपऱ्यापर्यंत आले हेच खूप झालं.

आता भोंगाचं. तुम्ही तिच्या घरी दारातच उभं राहून माफी मागितलीत, ती नुसती मान हलवत होती. तुम्हाला वाटलं असेल, तिनं माफ केलं. तिच्यानं बोलवत नाही म्हणून ती मान हलवत होती. तुम्ही गेलात, मी मागे थांबले, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. ती बोलायला लागली तर मला अक्षर ऐकू येईना. शेवटी तिच्या तोंडाशी कान नेला, तेव्हा कळलं. म्हणाली, “त्यांना विचार, तुझ्या जागी मी विचारलं असतं, तर माझ्यावरही हसले असते का?”

मी म्हटलं, छे गं, तुझ्यावर कशाला हसतील? तिनं माझा हात झटकला. म्हणाली, तू नको सांगू, त्यांना विचार.

विचारलं.

वहिनी

१० एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. आधी एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. ‘घाबरट’ कसं बंद केलं, तुमचं पूर्ण पत्र ब्लॉगवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कसं लावलं, लोक काय काय म्हणाले, सगळं होतं त्यात. वाचून बघितलं तर त्यात तिच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. फाडून टाकलं.

हो, हसलो असतो. खरं म्हणजे हसलोच होतो, लेखातली ‘अशा बायका’ म्हणजे तीच. तिनं स्वतः पत्र लिहिलं असतं तर जास्तच हसलो असतो, कारण ती माझी कोणी नाही. ती बरोबर बोलत होती आणि मी तिच्याच वाक्यावर सगळ्यात जास्त हशा मिळवला.

दादाला सांगा, पेपर तपासून झाले की येतो, आणि या वेळी घरी येतो.

भोंगाबाईंना वरचं उत्तर वाचून दाखवा, जसंच्या तसं. तुम्ही ते मऊ करून सांगाल, मी तुम्हाला ओळखतो. या वेळी तसं करू नका.

टिल्लू